सायकलस्वार : कायद्यातील तिऱ्हाईत

इंग्लंडातील न्यायासनापुढे १८७९ साली एक चमत्कारिक प्रश्न उभा राहिला. भर रस्त्यात बेफाम सायकल पिटाळणाऱ्या इसमास 'गाडी' बेफाम हाकल्याबद्दल दंड करता येईल काय? कायदा होता १८३५ चा. त्यात गाड्यांचा उल्लेख होता, सायकलीचा नव्हता. आणि तो असावा तरी कसा? पायडल मारून चालवावयाची दुचाकी तेव्हा रस्त्यावर आलीच नव्हती. न्यायाधीशांनी शब्दाचा अर्थ थोडा सैल करून सायकल ही गाडीच होय, असा निर्वाळा दिला. सायकलस्वाराची कायद्याशी ओळख झाली ती अशी, आरोपीच्या नात्याने.

परंतु या निर्वाळ्यास दुसरीही बाजू होती. सायकल ही गाडी ठरली, तर गाडीला जो रस्ता मोकळा तो सायकललाही मोकळा असावयास हवा. १८७८ साली स्थापन झालेली सायकलप्रवाशांची संस्था तेथे हेच सांगत होती. अखेर १८८८ च्या कायद्याने सर्व सायकली गाड्याच होत असे जाहीर केले, त्यांच्यावर निराळे निर्बंध घालण्याचे स्थानिक मंडळ्यांचे अधिकार काढून घेतले, आणि मोबदल्यात रात्री दिवा लावण्याचे व पुढे जाताना घंटी वाजविण्याचे बंधन घातले. हक्क आणि कर्तव्य ही एकाच कलमात शेजारी बसली होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कारण आपल्याकडे ती दोन्ही बरोबर आली नाहीत.

डनलॉपने हवेची धाव काढली तीही १८८८ सालीच. आणि याच साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामूअण्णा यांच्या 'किर्लोस्कर ब्रदर्स'चा प्रारंभ झाला, तो सायकलींच्या धंद्याने. लक्ष्मणराव मुंबईस तांत्रिक विद्यालयात शिक्षक. ते तिकडून सायकली पाठवीत आणि रामूअण्णा त्या विकीत. एकेका सायकलीस सातशे ते हजार रुपये पडत, व चालविण्यास शिकविण्याची फी पंधरा रुपये असे. म्हणजे त्या काळी सायकल ही साहेबाची आणि श्रीमंताची मिरविण्याची वस्तू होती. शाळामास्तराच्या किंवा कारकुनाच्या वाट्यास ती पुष्कळ पुढे आली, आणि तिच्यापाठोपाठ नगरपालिकेचा शिपाईही आला.

१९०१ च्या मुंबई इलाख्यातील जिल्हा नगरपालिकांच्या कायद्याने वाहनांवर कर बसविण्याची मुभा दिली होती. तिच्या जोरावर कित्येक शहरांनी सायकलीवर वार्षिक कर बसविला. कर भरला की पत्र्याचा बिल्ला मिळे. तो सायकलीस दिसेल असा लावावयाचा. बिल्ला नसला, रात्री दिवा नसला, किंवा मागे दुसरा मनुष्य बसविला, की नाक्यावर अडवणूक ठरलेली. काही ठिकाणी पोलिसदादा दंडाच्या भानगडीत न पडता चाकाची हवाच सोडून देत! ही शिक्षा कोणत्या कलमाखाली बसते हे कोणी विचारले नाही, आणि सायकल ढकलीत घरी जाणाऱ्या गृहस्थासही ते विचारावेसे वाटले नाही. कर घेणाऱ्या या व्यवस्थेने सायकलस्वारास त्याच्या बदल्यात काय दिले, याचा शोध घेऊ गेल्यास फारसे हाती लागत नाही.

सातारा-सांगली भागात तर कायद्याची हद्द पाहावयासही सायकलीवरून उतरावे लागले असते. बेळगाव सोडून किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना उभारला तो कुंडलजवळ, औंध संस्थानच्या हद्दीत. सातारा शहर इंग्रजी अमलात. सांगली पटवर्धनांच्या थोरल्या संस्थानांपैकी एकाची राजधानी. मिरज निराळ्या पातीची. सांगलीहून बुधगावमार्गे तासगावास निघालेला सायकलस्वार प्रथम सांगली संस्थान सोडी, मग धाकट्या मिरजेच्या राजधानीतून जाई, आणि तासगावास पोचता पोचता इंग्रज सरकारचा प्रजाजन होई. १९३९ चा मोटारवाहनांचा कायदा तासगावास आपोआप लागू होता, सांगलीस नव्हता. संस्थानाने आपण होऊन तसा कायदा केला तरच. १९४८ मध्ये संस्थाने विलीन झाली, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला व १९६० साली त्याचे सांगली असे नामकरण झाले. तेव्हापासून दोन्ही जिल्ह्यांतील सायकलस्वार एका कायद्याखाली आहेत.

या मोटार कायद्यात गंमत अशी की, सायकलस्वार त्यात वाहनचालक म्हणून नाहीच. यंत्राने चालते ते मोटारवाहन. सायकल त्या व्याख्येबाहेर. त्यास परवाना नको, विमाही नको. तो कायद्यात शिरला तो मागील दाराने, 'तिऱ्हाईत' म्हणून. १ जुलै १९४६ पासून प्रत्येक मोटारमालकास तिऱ्हाइताच्या इजेचा विमा उतरविणे सक्तीचे झाले. विमा करणारी कंपनी एक, मोटारमालक दुसरा, आणि ज्याच्या अंगावर मोटार गेली तो तिसरा. शब्द कोरडा आहे. पण सायकलस्वारास मिळालेले सर्वांत भरीव संरक्षण याच एका शब्दात साठविलेले आहे. तोपर्यंत मृताच्या कुटुंबास १८५५ च्या कायद्याखाली दिवाणी दावा लावावा लागे, आणि दावा जिंकूनही मालक कफल्लक निघाला तर हुकूमनामा पेटीत ठेवावा लागे.

१९५६ च्या दुरुस्तीने अशा दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची तरतूद झाली. १९८२ साली त्याहून महत्त्वाची गोष्ट घडली. दोष कोणाचा हे सिद्ध होण्यापूर्वीच मृत्यूबद्दल १५,००० व कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये द्यावेत असे ठरले. या तरतुदीचा कस लागला तो सातारा जिल्ह्यातच. १९८७ च्या ऑक्टोबरात राष्ट्रीय महामार्ग ४ वर पहाटेच्या अंधारात एक मालमोटार आणि पेट्रोलची टाकीगाडी यांची धडक झाली. टाकीगाडी रस्त्याबाजूस कलंडली, पेट्रोल गळू लागले, माणसे जमली, आणि सुमारे चार तासांनी भडका होऊन त्यांतील काही जण प्राणास मुकले. एका मृत तरुणाच्या आईने १५,००० रुपयांसाठी साताऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे धाव घेतली. हा मृत्यू वाहनाच्या वापरातून घडलेला नाही, असे म्हणून तेथे तिची मागणी फेटाळली गेली. उच्च न्यायालयाने ती मान्य केली, आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला : गाडी धावत असतानाच ती वापरात असते असे नव्हे, ती बंद पडलेली, उभी असली तरीही असते.

हा निकाल सायकलस्वाराच्या किती कामाचा, हे उसाच्या हंगामात कृष्णाकाठच्या रस्त्यांवरून एकदा रात्री जाऊन आल्याशिवाय कळावयाचे नाही. ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन दोन ट्रॉल्या, बाहेर डोकावणारी मोळ्यांची टोके, मागे ना दिवा ना चकाकती पट्टी, आणि चाक निखळले की ती सगळी धूड रस्त्यातच उभी. तिच्यावर आदळलेल्या सायकलस्वाराच्या घरच्यांस 'गाडी तर उभी होती, चूक तुमचीच' असे सांगून परत पाठविता येत नाही. बैलगाडीची गोष्ट मात्र निराळी. तिला विमा नाही, आणि ती या कायद्याखालीही येत नाही.

भरपाईचे आकडे पुढे वाढत गेले. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे, जी या बाबतीत १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली, दोष सिद्ध न करता मिळावयाची रक्कम मृत्यूस ५ लाख आणि गंभीर दुखापतीस अडीच लाख अशी आहे. मात्र विमाकंपनीने देऊ केलेली ही रक्कम कायद्याच्या रीतीने स्वीकारली म्हणजे न्यायाधिकरणापुढील मोठा दावा संपतो. मिळवता माणूस गेला असेल तर ही सही घाईने करू नये. ठोकर देऊन गाडी पळाली व सापडली नाही, तरी मृत्यूस २ लाख व गंभीर दुखापतीस ५० हजार मिळतात. त्याचा अर्ज तालुक्याच्या महसुली अधिकाऱ्याकडे करावयाचा. अपघात खंबाटकीच्या घाटात झाला तरी जतच्या विधवेस आपल्या राहत्या जिल्ह्यात दावा लावता येतो. दाव्यास सहा महिन्यांची मुदत घातली आहे. दुःखाच्या घरात सहा महिने कसे जातात हे कायदा करणाऱ्यांस ठाऊक नसावे. पोलिसांनी आपला अहवाल तीन महिन्यांत न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो, आणि तो अहवालच अर्ज म्हणून धरण्याची तरतूद आहे; ती पुष्कळांच्या कानी गेलेली नाही.

आणि येथे तो जुना दिवा पुन्हा पुढे येतो. सायकलीला दिवा नव्हता, स्वार उजव्या बाजूने येत होता, असे विमाकंपनीचे वकील मांडतात, आणि दोषाचा वाटा त्याच्याकडे टाकून भरपाईची रक्कम कमी करण्याची मागणी करतात. दिवा नसण्याचा अपघाताशी कार्यकारणसंबंध दाखविल्यावाचून हे चालू नये. भर दुपारच्या अपघातात दिव्याचा प्रश्नच कोठला? परंतु रात्रीच्या अपघातात सारा भार पंचनाम्यावर पडतो. सायकलीचा मागील मडगार्ड शाबूत होता काय, त्यावर लाल काच होती काय, चुरा झालेला दिवा रस्त्यात पडला होता काय, हे पंचांनी तेथेच लिहून घ्यावयास हवे, आणि घरच्यांपैकी एकाने तेथे उभे राहून ते लिहवून घ्यावयास हवे. कारण एकदा ती सायकल मुद्देमाल म्हणून पोलिसठाण्याच्या आवारात भिंतीस टेकली, की तिच्या अंगावरून पुढे काही वाचता येत नाही.