लोहाराची सांडशी आणि हातोडा : बलुतेदारीच्या इतिहासातील एक दुर्लक्षित बाजू

प्रस्तावना

महाराष्ट्रातील ग्रामव्यवस्थेचा अभ्यास करताना बारा बलुतेदारांमध्ये लोहाराचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथापासून आजपर्यंत बलुतेदारीची चर्चा प्रामुख्याने देण्याघेण्याच्या अंगाने झालेली आहे. कोणाला किती पेंढ्या, कोणाचा मान कोणता, कोणाची ओळ थोरली, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. मात्र या चर्चेत कारागिराचे हत्यार आणि ते धरणारा हात जवळजवळ अदृश्य राहिला आहे. सुताराची पटाशी आणि वाकस, चांभाराची रापी, शेतकऱ्याचा फाळ व विळा ही सर्व हत्यारे लोहाराने घडविली. लोहाराचे हत्यार कोणी घडविले? उत्तर साधे आहे : लोहारानेच. परंतु या साध्या उत्तरामागील श्रमाची नोंद बलुत्याच्या कोणत्याही हिशेबात दिसत नाही.

शब्द आणि प्राचीनता

'सांडस', 'सांडशी' हे शब्द संस्कृत 'संदंश' या शब्दापासून आले आहेत. 'भाता' हा 'भस्त्रा'चा आणि 'घण' हा 'घन'चा वंशज होय. सुश्रुतसंहितेत सांगितलेल्या १०१ यंत्रांत संदंशयंत्रांचे दोन प्रकार आहेत. शस्त्रे शुद्ध लोखंडाची असावीत आणि ती आपल्या कामात निष्णात असलेल्या कर्माराकडून करवून घ्यावीत, असेही तेथे सांगितले आहे. म्हणजे वैद्याच्या हातातील चिमटा आणि लोहाराच्या हातातील सांडशी ही एकाच कुळातील भावंडे आहेत. विदर्भातील नायकुंड (जि. नागपूर) येथील महापाषाणकालीन वसाहतीच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी आढळली, तर माहुरझरी येथील शिलावर्तुळांतून कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर व घोड्यांचे साज मिळाले. या वस्तू घडविताना तापलेले लोखंड कशाने तरी धरले गेले असलेच पाहिजे. तथापि लोहाराची स्वतःची हत्यारे थडग्यात क्वचितच जातात. मोडली की ती पुन्हा भट्टीत जातात, आणि जुन्या सांडशीचा खिळा किंवा कोयंडा होतो.

सांडशी करण्यासाठी सांडशी लागते, मग पहिली सांडशी कोणी केली, हे कोडे फार जुने आहे. ज्यूंच्या मिश्ना या धर्मसंहितेत तर, काहींच्या मते, पहिली सांडशी सृष्टीच्या आरंभी पहिल्या शब्बाथाच्या संधिकाली ईश्वरानेच निर्माण केली, असे नमूद आहे. लोहारशाळेत या कोड्याचे उत्तर बरेच सोपे आहे. दीड-दोन फूट लांबीच्या सळईचे एक टोक लालबुंद झाले तरी दुसरे टोक हाताला सोसते. काम पूर्ण होईपर्यंत सळई तोडायची नाही, एवढेच पथ्य पाळले की सांडशीवाचून सांडशी होते. तत्त्वज्ञाला जेथे अनवस्था दिसते तेथे कारागिराला फक्त लांब सळई दिसते.

घडणीची रीत

सांडशीचे दोन्ही पाय सारखेच घडवावे लागतात. उजवा-डावा असा भेद करून ते आरशातील प्रतिबिंबासारखे केले, तर ते एकमेकांवर बसत नाहीत. नवशिका उमेदवार हमखास येथेच चुकतो. प्रथम सळईचे टोक तापवून ऐरणीच्या कडेवर अर्धे आत, अर्धे बाहेर ठेवून ठोकले जाते. त्यामुळे जबड्याचा चपटा भाग आणि त्यामागचा खांदा वेगळा होतो. मग सळई पाव वळण फिरवून पुन्हा कडेवर ठोकली की खिळ्यासाठी जाड भाग तयार होतो. हा भाग पातळ राहिला तर सांडशी नेमकी तेथेच मोडते. त्यानंतर मागचा भाग ठोकून लांब व निमुळता केला जातो. ही लांबी हात निखाऱ्यापासून दूर ठेवते आणि मुठीचा जोरही वाढविते. शेवटी तापल्या लोखंडात भोक पाडून खिळा लाल असतानाच दोन्ही बाजूंनी ठोकला जातो, आणि सांधा निवण्यापूर्वी पाय सतत उघडझाप करीत राहावे लागते, अन्यथा तो आखडतो.

जबडा मात्र ज्या वस्तूसाठी सांडशी आहे ती वस्तू प्रत्यक्ष धरूनच बसवावा लागतो. चपट्या पट्टीची सांडशी गोल सळईला उपयोगी नाही. पकड सैल असेल तर घणाखालून तापलेला तुकडा उडतो, आणि तो कोठे जाईल हे कोणाला सांगता येत नाही. म्हणून एका लोहाराकडे सांडशींचा संच असणे ही हौस नव्हे, गरज होय. मोटारगाडीच्या जुन्या पाट्यांपासून आज कोयते व विळे होतात, परंतु सांडशीसाठी ते पोलाद योग्य नाही. सांडशी दिवसभर तापते आणि पाण्यात बुडविली जाते. जास्त कार्बनचे पोलाद अशा वागणुकीने ठिसूळ होऊन तडकते. येथे साधे मऊ लोखंडच चांगले.

हातोडा, दांडा आणि हात

हातोड्याबाबत सर्वसाधारण समज असा की जितका जड तितके काम जास्त. प्रत्यक्षात दिवसभर चालवायच्या हातोड्याचे वजन साधारण एक किलोच्या आसपास असते. त्याहून जड हातोडा पहिल्या तासात काम करतो आणि दुसऱ्या तासात मनगट व कोपर मोडतो. दांड्याच्या लांबीचे एक सोपे माप आहे : हातोड्याचे डोके मुठीत धरावे, दांड्याचे टोक कोपरापर्यंत यावे. दांड्याचा छेद गोल नसून लांबट असला पाहिजे, म्हणजे तोंड कोणीकडे आहे हे न पाहता मुठीला कळते. घट्ट आवळून धरलेला हातोडा प्रत्येक धक्का खांद्यापर्यंत पोहोचवितो. सैल, पण निसटणार नाही अशी पकड वर्षानुवर्षांच्या सरावानेच येते. बाभूळ, धावडा अशा चिवट लाकडाचा हा दांडा आणि त्याला घट्ट करणारी पाचर सुताराकडून येई, आणि सुताराची पटाशी लोहाराकडून. दोन बलुतेदारांमधील ही देवघेव धान्याच्या पेंढ्यांत मोजली जात नव्हती.

घणाची गोष्ट वेगळी आहे. घण दोन्ही हातांनी मारावा लागतो. एका हातात सांडशी व दुसऱ्या हातात हातोडा असलेला लोहार घण मारू शकत नाही. तो हातोड्याने जागा दाखवितो, घण मारणारे माणूस दुसरे असते. घिसाडी समाजात हे काम प्रायः स्त्रिया करीत आल्या आहेत. भाता ओढणे आणि घण मारणे ही दोन्ही कामे करूनही कारागीर म्हणून नाव पुरुषाचेच लागले. १९६५ च्या 'साधी माणसं' या चित्रपटामुळे ऐरण घराघरांतील गाण्यात पोहोचली. घणाला आणि सांडशीला ते भाग्य लाभले नाही, आणि घण मारणारीला तर नाहीच.

१९१० मध्ये किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिल्यानंतर लोखंडी नांगराचा प्रसार झाला. या बदलाची चर्चा शेतीच्या बाजूने पुष्कळ झाली आहे. लोहाराच्या बाजूने पाहता मुख्य मुद्दा तांत्रिक आहे. ओतीव बीड घणाखाली घडत नाही, फुटते. गावच्या भट्टीत लाकडी नांगराचा फाळ पाजविता येत होता. झिजलेला ओतीव भाग मात्र बदलावाच लागे, आणि तो कारखान्यातून येई. लोहाराचे कौशल्य कमी झाले नव्हते, त्याच्या सांडशीत धरण्याजोगी वस्तूच बदलली होती.

संग्रहालयांत तलवारी व कट्यारी आदराने मांडल्या जातात, ज्या सांडशीत त्या धरल्या गेल्या ती तेथे नसते. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना यासाठी मोठा निधी लागणार नाही. परिसरातील जुन्या लोहारशाळेत जाऊन सांडशीच्या जबड्यांचे आकार, हातोड्यांची वजने, दांड्याचे लाकूड, अंगठ्याने पडलेला खळगा आणि घण कोण मारीत असे, एवढे विचारून लिहून घेता येते. अनेक ठिकाणी हे सांगू शकणारी माणसे आज सत्तरीपुढची आहेत.