पिकाचा फोटो धूसर येतोय? आधी मोबाइलची काच पुसा

ई-पीक पाहणी असो की नुकसानीचा पंचनामा, पिकाचा फोटो आता लागतोच. पण शेतात सोयाबीन आहे की गवत, हेच कळत नाही असे फोटो बरेच जण काढतात. दरवेळी दोष स्वस्तातल्या मोबाइलचा नसतो.

सगळ्यात जास्त घोळ घालते ती कॅमेऱ्याची काच. खिशातली धूळ, तंबाखू-चुन्याचा हात, घाम, सगळं तिच्यावर बसतं. मग फोटो धुक्यातला वाटतो, उन्हात पांढरे पट्टे येतात. मऊ सुती कापडाने हळू पुसा. माती असेल तर आधी फुंकर मारा, नाहीतर ओरखडे पडतात, आणि ते काही जात नाहीत. पावसात काचेच्या आतून वाफ धरली तर मोबाइल बंद करून कोरड्या हवेत ठेवायचा. चुलीपुढे नको!

काच साफ असूनही फोटो हललेला येतो, तर कोपरे अंगाला टेकवून धरा. स्क्रीनवर पिकावर बोट टेकवा, चित्र स्पष्ट झालं की मगच बटण दाबा. झूम करू नका. साध्या मोबाइलमध्ये झूम म्हणजे तेच चित्र ताणणं. त्यापेक्षा चार पावलं पुढे जा.

पीक काळं दिसतंय म्हणजे सूर्य समोर आहे, तो पाठीकडे घ्या. अंधारून आल्यावर काढलेला फोटो दाणेदारच येणार, उजेड असतानाच काढा.

ई-पीक पाहणीचा फोटो ॲपमधूनच, आपल्या गटात उभं राहून काढायचा. लोकेशन चालू ठेवा, दाट झाडाखाली थांबू नका. जागा पकडायला वेळ लागतो, तेवढा धीर धरा.

नुकसानीचे मात्र दोन तरी फोटो हवेत. एक लांबून, त्यात विहीर, डीपी किंवा बांधावरचं झाड अशी शेताची खूण दिसली पाहिजे. दुसरा जवळून, आडवं पडलेलं किंवा सडलेलं पीक दाखवणारा. पाणी साचलं असेल तर ते ओसरायच्या आत काढा. मोबाइलमधली तारीख-वेळ बरोबर आहे ना, तेही बघा.

व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला की तो दाबला जातो, त्यातली जागेची माहितीही निघून जाते. म्हणून 'डॉक्युमेंट' करून पाठवा. आणि मेमरी भरली म्हणून मूळ फोटो उडवू नका. गुड मॉर्निंगचे उडवा. भरपाई खात्यावर येईपर्यंत तो मोबाइलमध्ये राहू द्या.