मायटोकॉन्ड्रियल आजार असलेल्या मुलांची भूल

पेशीतील ऊर्जानिर्मितीत जन्मजात दोष असलेल्या मुलांना शस्त्रक्रियेसाठी, तपासणीसाठी किंवा दातांच्या उपचारासाठी भूल अथवा गुंगी देताना घ्यावयाच्या काळजीचा विषय. प्रस्तुत नोंदीत धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यासारखा, मोठ्या बालरुग्णालयापासून लांब असलेला प्रदेश मुख्यतः नजरेसमोर ठेवला आहे.

आजाराचे स्वरूप : अन्नातील ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा रूपात आणण्याचे काम मायटोकॉन्ड्रिया (तंतुकणिका) करतात. त्यांच्या बिघाडामुळे होणाऱ्या आजाराची पहिली नोंद १९६२ साली स्वीडनमधील रॉल्फ लुफ्ट यांनी केली. १९८८ साली मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएतील दोष सापडले. या डीएनएत ३७ जनुके असतात आणि ती फक्त आईकडून येतात. मात्र मायटोकॉन्ड्रियाला लागणारी बहुतेक प्रथिने पेशीकेंद्रातील जनुकांवरून तयार होतात. लहान मुलांतील पुष्कळ आजार या दुसऱ्या गटातले असून आई व वडील दोघांकडून सदोष प्रत आली की ते प्रकट होतात. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत मराठवाड्यात जुनी आहे, म्हणून हा मुद्दा येथे महत्त्वाचा. लेह (१९५१) आणि कर्न्स-सेअर (१९५८) ही परिचित रूपे मायटोकॉन्ड्रियाशी त्यांचा संबंध कळण्याआधीच वर्णिली गेली होती. मेलास या आणखी एका रूपाचे नाव १९८४ चे. लेकरू ढिले पडले, मान धरत नाही, तापानंतर येत होते तेही विसरले, झटके येतात, पापण्या खाली येतात, अशा तक्रारींनी आजार पुढे येतो. निदान व्हायला बहुधा वर्षे जातात.

भुलेशी गाठ लवकर पडते, कारण निदानासाठीच मूल स्थिर झोपलेले लागते. एमआरआय, कंबरेतील पाणी काढणे, स्नायूचा तुकडा घेणे यांतले काहीतरी करावे लागते. जनुकीय तपासणी रक्तावर होऊ लागल्यापासून स्नायूचा तुकडा घेण्याची गरज कमी झाली आहे. पुढे जठरात नळी बसवणे, तिरळेपणा, दात, कानातील कॉक्लिअर रोपण यांसाठी पुन्हा भूल लागते.

औषधे : वापरात असलेली जवळजवळ सर्व भूल-औषधे मायटोकॉन्ड्रियाच्या कामाला थोडाफार अटकाव करतात. त्यामुळे निर्धोक औषधांची यादी करता येत नाही. फिलिप मॉर्गन व मार्गारेट सेडेन्स्की यांचे काम या क्षेत्राचा पाया मानावे लागेल. सूक्ष्म गोलकृमीच्या ज्या वाणात मायटोकॉन्ड्रियातील श्वसनसाखळीच्या पहिल्या संकुलाचे एक जनुक बिघडलेले होते, तो वाण अतिशय कमी भूल-वायूत बेशुद्ध पडतो असे त्यांना आढळले. २००२ साली त्यांनी हीच गोष्ट मुलांत दाखवली. मेंदूच्या विद्युत्‌लहरींवरून झोपेची खोली मोजली असता, पहिल्या संकुलात दोष असलेली काही मुले नेहमीपेक्षा फारच कमी सेवोफ्लुरेन या भूल-वायूत गाढ झोपली. सर्वच रुग्ण असे वागत नाहीत, आणि कोणते मूल असे वागेल ते आधी सांगता येत नाही. म्हणून औषध हळूहळू वाढवत नेणे व झोपेची खोली मोजणे एवढाच मार्ग उरतो.

शिरेतून दिल्या जाणाऱ्या प्रोपोफॉल या भूल-औषधावर एकमत नाही. १९९२ साली ब्रिटनमध्ये अतिदक्षता विभागात बराच काळ हे औषध चालू असलेल्या पाच मुलांच्या मृत्यूचा अहवाल प्रसिद्ध झाला. रक्तातील आम्ल वाढणे, हृदयाची गती मंदावणे व हृदय निकामी होणे हे त्याचे चित्र. पुढे ४८ तासांहून अधिक काळ, ताशी किलोमागे ४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त वेगाने दिल्यास धोका अशी मर्यादा सांगितली जाऊ लागली. हे औषध मेदाम्लांना मायटोकॉन्ड्रियात शिरू देत नाही आणि श्वसनसाखळीतही अडथळा आणते, म्हणजे निरोगी मुलात ते तात्पुरता तोच आजार निर्माण करते. तासन्‌तास चालणारे प्रोपोफॉल या मुलांना देऊ नये यावर बहुतेकांचे एकमत आहे. सुरुवातीला एकच मात्रा द्यावी की तीही टाळावी, यावर मतभेद आहेत. मोठ्या रुग्णालयांनी जुन्या नोंदी चाळल्या तेव्हा ती मात्रा मिळालेली बहुतेक मुले सुखरूप असल्याचे दिसले. केटामिन व डेक्समेडेटोमिडीन यांच्याकडे अलीकडे कल आहे.

झटक्यांसाठीचे व्हॅल्प्रोएट भूल-औषधांत मोडत नसले, तरी शस्त्रक्रियेच्या दिवशी झटका आला की हाती येणारे ते औषध आहे. पॉलजी जनुकाचा दोष असलेल्या मुलाचे यकृत त्याने निकामी होऊ शकते. तसेच आईच्या बाजूने बहिरेपणाचा इतिहास असल्यास जेंटामायसिन, अमिकासिन यांचा विचार दोनदा करावा. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतील एका ठरावीक बदलात अल्प मात्रेनेही कायमचा बहिरेपणा येतो.

उपास : प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत मोठा धोका औषधाच्या बाटलीत नसून उपाशीपणात आहे. निरोगी मूल काही तास उपाशी राहिले तर यकृतातील साठ्यावर व नंतर मेद जाळून निभावते. मेद जाळण्याचे काम मायटोकॉन्ड्रियातच होते. या मुलांचा तो मार्ग अरुंद असतो. साखर उतरते, लॅक्टिक आम्ल चढते, आणि वरून ताप, उलटी किंवा भीती असेल तर शस्त्रक्रियेआधीच मूल ढासळते.

भुलेपूर्वी जठर रिकामे हवे हे खरेच. रूढ नियमानुसार हलके अन्न व गाईचे दूध ६ तास, आईचे दूध ४ तास आणि पारदर्शक पेये २ तास आधी थांबवतात. युरोपातील मार्गदर्शक सूचनांनी पारदर्शक पेयांची मुदत आता १ तासावर आणली आहे. व्यवहारात मात्र घरच्यांना सांगितले जाते ते एवढेच, की रात्रीपासून तोंडात काही घालू नका. परांडा किंवा उमरग्याहून पहाटे निघालेले कुटुंब सोलापूर, लातूर किंवा पुणे गाठते, केसपेपर निघतो, नंबर लागतो, यादी पुढे सरकते. रात्री नऊला जेवलेले मूल दुपारी एकला टेबलावर आले तर सोळा तास होतात. मे महिन्यात या प्रवासात उन्हाने होणारी पाण्याची तूट वेगळीच.

म्हणून अशा मुलाचा क्रम यादीत पहिला लावावा. लांबून येणाऱ्याला आदल्या दिवशीच दाखल करावे. दोन तास आधीपर्यंत साखरपाणी किंवा गाळलेला रस द्यावा. (दुधाचा चहा पारदर्शक पेयांत धरत नाहीत. घरोघरी मुलांना चहा-बिस्किट देण्याची सवय असल्याने हे स्पष्ट सांगावे लागते.) उपास सुरू होताच ग्लुकोजयुक्त सलाईन लावावे, आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेल्यास मुलाला पुन्हा खाऊ घालावे. यांपैकी एकाही गोष्टीला महागडे यंत्र लागत नाही.

सलाईन : दहा टक्के ग्लुकोज ताशी किलोमागे ४ मिलिलिटर वेगाने दिल्यास मिनिटाला किलोमागे साधारण ६.७ मिलिग्रॅम साखर मिळते. तान्ह्या बाळाचे यकृत उपाशी अवस्थेत जवळजवळ तेवढीच बनवते. पाच टक्क्यांत ती निम्मी होते. सोबत पुरेसे सोडियम हवे. बालकक्षात सर्रास लागणाऱ्या आयसोलाइट-पीमध्ये ते फार कमी असल्याने शस्त्रक्रियेच्या वेळी ते एकट्याने पुरत नाही. आरएलच्या (रिंगर लॅक्टेट) लिटरमध्ये सुमारे २८ मिलिमोल लॅक्टेट असते. ते टाळण्याचा प्रघात आहे, मात्र त्याने प्रत्यक्ष किती अपाय होतो हे वादग्रस्त आहे. महत्त्वाचा अपवाद म्हणजे पायरुव्हेट डिहायड्रोजिनेजचा दोष असलेली किंवा कीटोजेनिक आहारावर असलेली मुले. त्यांना जास्त ग्लुकोज दिल्यास उलट लॅक्टिक आम्ल वाढते. त्यांच्यासाठी उपचार करणाऱ्या तज्ज्ञाची लेखी योजना सोबत असावी.

गुंगी : शस्त्रक्रियागृहाबाहेर दिली जाणारी गुंगी किरकोळ समजली जाते. हा समज घातक आहे. एमआरआय किंवा ईईजीपूर्वी ट्रायक्लोफॉसचे सिरप पाजून मूल आईच्या मांडीवर झोपवण्याची पद्धत देशभर आहे. ढिले स्नायू, कमकुवत गिळणे व आधीच मंद श्वास असलेल्या मुलात त्याच मात्रेने जीभ मागे पडते, श्वास उथळ होतो. ऑक्सिजनची पातळी खाली यायला वेळ लागतो, त्याआधी कार्बन डायऑक्साइड साचतो, म्हणून तो मोजणारे यंत्र जोडावे. मूल झोपले नाही म्हणून सिरपचा दुसरा डोस देऊ नये. अशा वेळी भूलतज्ज्ञाला बोलवावे.

पूर्वतपासणी : ईसीजी अत्यावश्यक. कर्न्स-सेअर आजारात हृदयातील विद्युत्‌वहन अचानक बंद पडू शकते. ही तपासणी तालुक्यालाही होते. रक्तातील साखर, लॅक्टेट, यकृताच्या चाचण्या करतात. दंडाला पट्टी करकचून बांधून, मूल रडत असताना घेतलेल्या रक्तात लॅक्टेट खोटे वाढलेले दिसते.

सक्सिनिलकोलिन : स्नायूंचा आजार असलेल्या मुलात स्नायू सैल करणाऱ्या या औषधाने रक्तातील पोटॅशियम एकदम चढून हृदय थांबू शकते, म्हणून वर्ज्य. घातक ज्वराशी (मॅलिग्नंट हायपरथर्मिया) मायटोकॉन्ड्रियल आजारांचा संबंध पूर्वी मानला जाई, आता तो सिद्ध मानत नाहीत. मराठवाड्यातील डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे औषध रक्तातील ज्या विकराने (ब्युटिरिलकोलिनएस्टरेज) काही मिनिटांत नष्ट होते, त्याची आनुवंशिक कमतरता आर्य वैश्य (कोमटी) समाजात इतरांच्या मानाने खूप जास्त आढळते. दक्षिण भारतातील संशोधकांनी त्यामागचा जनुकीय बदल ओळखला आहे. अशा व्यक्तीचे स्नायू तासन्‌तास लुळे राहतात. कृत्रिम श्वास चालू ठेवल्यास ती पूर्ण बरी होते. भुलेनंतर न हलणाऱ्या मुलात मायटोकॉन्ड्रियल आजार व विकराची ही कमतरता ही दोन कारणे एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

इतिहास : १८८८ व १८८९ साली हैदराबाद येथे क्लोरोफॉर्म आयोगाची दोन सत्रे झाली. धाराशिवचा प्रदेश तेव्हा निजामाच्या राज्यात होता. एडवर्ड लॉरी यांनी पुढाकार घेतला, सहाव्या निजामाने खर्च दिला, आणि दुसऱ्या सत्रासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन आले. क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नंतर, असा निष्कर्ष शेकडो प्राण्यांवरील प्रयोगांतून काढला गेला. १९११ साली गुडमन लेव्ही यांच्या प्रयोगांनी हृदय थेट बंद पडू शकते हे दाखवले. तरीही श्वासावर नजर ठेवा ही हैदराबादची शिकवण या मुलांच्या बाबतीत लागू पडते. १८९४ साली लंडनमधील लेनर्ड गथ्री यांनी क्लोरोफॉर्मनंतर काही दिवसांनी उलट्या, गुंगी व यकृतात साचलेला मेद अशा चित्राने दगावलेल्या मुलांची नोंद केली. त्यांपैकी काहींना जन्मजात चयापचय दोष असावा हा आजचा तर्क आहे, पुरावा नाही.

जिल्ह्यातील स्थिती : २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १६,५७,५७६, तालुके आठ. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२२-२३ पासून सुरू झाले. लातूर व सोलापूर येथील शासकीय महाविद्यालये त्याहून जुनी, आणि गुंतागुंतीचे रुग्ण तिकडे जाण्याची वहिवाटही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची (२०१३) पथके अंगणवाड्या व शाळांत विकासात मागे पडलेली मुले शोधतात, त्यामुळे आजाराचा पहिला संशय येण्याची जागा बहुधा हीच. दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणाखाली (२०२१) मुंबईचे केईएम रुग्णालय उत्कृष्टता केंद्र आहे. ग्रामीण भागात सिझेरियनसाठी अल्पमुदतीचे भूल-प्रशिक्षण घेतलेले एमबीबीएस डॉक्टर काम करतात. ते प्रशिक्षण प्रसूतीपुरते असून अशा मुलांची नियोजित भूल त्यांच्यावर सोपवू नये. तातडीच्या प्रसंगी मात्र त्यांनाच ती द्यावी लागेल, म्हणून निदान, टाळायची औषधे आणि सलाईनचा वेग मराठीत व इंग्रजीत लिहिलेले एक पान आईवडिलांजवळ कायम असावे.

पाठीच्या कण्यातून व नसांभोवती दिली जाणारी भूल : योग्य मात्रेत वापरतात, बुपिवाकेनची कमाल मात्रा कमी धरावी.

शस्त्रक्रियेनंतर : किमान २४ तास निरीक्षण, मूल नीट खाऊ लागेपर्यंत ग्लुकोज चालू, कुडकुडणे व ताप दोन्ही टाळावेत.