टर्क्स हेडमधील पंगत : एका वाङ्मयीन मंडळाचा इतिहास

वाङ्मयाच्या इतिहासात ग्रंथांची व ग्रंथकारांची नोंद होते. ते ग्रंथकार कोणाच्या पंक्तीला बसत होते, हा प्रश्न मात्र चरित्रकाराच्या कुतूहलाचा म्हणून बाजूस सारला जातो. लंडनमधील ‘द क्लब’ या मंडळाचा इतिहास पाहिला म्हणजे ही विभागणी फारशी टिकत नाही, असे दिसून येते.

१७६४ मध्ये चित्रकार जोशुआ रेनल्ड्स यांनी ही कल्पना सॅम्युएल जॉन्सन यांच्यापुढे मांडली. सोहो भागातील जेरार्ड स्ट्रीटवरच्या ‘टर्क्स हेड’ या खानावळीत आठवड्यातून एकदा सायंकाळी सात वाजता जमावे, एकत्र जेवावे आणि रात्री उशिरापर्यंत बोलत बसावे, एवढाच संकेत होता. आरंभीचे सभासद नऊ. त्यांत बर्क यांच्यासारखा राजकारणी होता, त्यांचे सासरे नूजंट हे वैद्य होते, गोल्डस्मिथ यांच्यासारखा लेखणीवर पोट भरणारा साहित्यिक होता आणि संगीताचा इतिहास लिहू पाहणारे हॉकिन्सही होते. व्यवसायाने एकमेकांना परकी असलेली ही माणसे एकत्र आली, हेच या मंडळाचे वैशिष्ट्य होय.

प्रवेश मात्र कठीण होता. एकाही सभासदाने विरोधी मत दिले, तरी इच्छुकास परत जावे लागे. जॉन्सन यांचे एके काळचे विद्यार्थी आणि इंग्लंडमधील विख्यात नट गॅरिक यांनाही १७७३ पर्यंत थांबावे लागले. पुढे गोल्डस्मिथ यांनीच सभासद वाढविण्याचा आग्रह धरला. आपण सर्वांनी एकमेकांची मने पुरती पाहून घेतली आहेत, आता नवे काही उरलेले नाही, अशी त्यांची तक्रार होती. जॉन्सन यांना ती रुचली नाही. तथापि तिच्यात तथ्य होते. परिचय पूर्ण झाला की पंगतीचे प्रयोजन क्षीण होते. त्यानंतरच्या वर्षांत गिबन, ॲडम स्मिथ, जोसेफ बँक्स ही मंडळी आली आणि इतिहास, अर्थशास्त्र व निसर्गविज्ञान एका मेजावर बसले.

या संभाषणांतून अमुक ग्रंथ निपजला, असे म्हणणे धाडसाचे होईल. गिबन यांच्या इतिहासाचा पहिला खंड आणि स्मिथ यांचा अर्थशास्त्रावरील ग्रंथ ही दोन्ही १७७६ ची प्रकाशने. परंतु दोन्हींची सिद्धता त्यापूर्वीच चालू होती. मंडळाने दिले ते निराळेच: आपल्या विषयाबाहेरच्या तज्ज्ञापुढे आपले म्हणणे सुबोधपणे मांडण्याची सवय. बॉझवेल यांच्या १७९१ च्या जॉन्सनचरित्रात या बोलण्याचा काही भाग उतरला आहे. तेथेही १७७८ मधील एका बैठकीचे वर्णन करताना त्यांनी इतर वक्त्यांची नावे केवळ अक्षरांआड ठेवली. खासगी विश्वासाला धक्का न लावता तो शब्दबद्ध कसा करावा, ही अडचण त्यांनाही जाणवली असली पाहिजे.

या मेजाची मर्यादाही स्पष्ट आहे. एलिझाबेथ माँटेग्यू यांच्या घरी विदुषी आणि विद्वान एकत्र जमत व जॉन्सनही तेथे जात. परंतु त्या काळी ‘क्लब’मध्ये एकाही स्त्रीस स्थान मिळाले नाही.

हा इतिहास भारताशीही निगडित आहे. १७७३ मध्ये सभासद झालेले विल्यम जोन्स न्यायाधीश म्हणून कलकत्त्यास आले आणि १७८४ मध्ये त्यांनी एशियाटिक सोसायटी स्थापिली. ‘क्लब’चे दुसरे सभासद रॉबर्ट चेंबर्स तेथे आधीच न्यायासनावर होते. संस्था निराळी, उद्दिष्टही निराळे. पण भिन्न व्यासंगांच्या माणसांनी नियमित भेटावे, हा संस्कार तोच होता. दोषही तसाच आला. ज्या पंडितांच्या साहाय्यावाचून जोन्स यांचा संस्कृताभ्यास अशक्य होता, त्यांच्या देशबांधवांना सभासदत्व मिळण्यास १८२९ उजाडावे लागले.

म्हणून अशा मंडळांचे मूल्यमापन तेथे जमलेल्या नामवंतांच्या यादीवरून करणे अपुरे ठरते. गोल्डस्मिथ यांना हवा असलेला परका माणूस आत येऊ शकत होता की नाही, ही खरी कसोटी होय. अनेक भाषांच्या लेखकांना एकत्र आणू पाहणाऱ्या कोणत्याही अकादमीलाही हीच कसोटी लागू पडते.