स्त्रीच्या देहावर सत्ता कोणाची?

१८८४ साली मुंबईच्या बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य या दोन प्रश्नांवर टिपणे लिहिली व ती ठिकठिकाणच्या विचारी माणसांकडे अभिप्रायासाठी पाठविली. पुण्याहून जोतीराव फुल्यांनी जो अभिप्राय धाडला, त्यावर ४ डिसेंबर १८८४ ही तारीख आहे. आपल्या आवारात चालविलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहाचा हिशेब त्यांनी त्यात दिला आहे. तोपर्यंत ३५ गरोदर विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी ५ हयात होती आणि ३० दगावली होती. ही ३० मुले का दगावली याचे कारणही फुल्यांनी तेथेच नोंदविले आहे. गरोदरपण लपविण्यासाठी आयांनी जी विषारी औषधे घेतली असावीत, त्यांमुळे गर्भाला पोटातच इजा पोहोचली होती.

या हिशेबाकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. बालहत्या प्रतिबंधक गृहाची हकीकत आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु ती बहुधा अनाथ अर्भकांवरील दयेची हकीकत म्हणून. आकडे मात्र आणखी काही सांगतात. त्या दारापर्यंत जी स्त्री आली, ती बहुतेक वेळा गर्भ पाडण्याचा प्रयत्न करून, तो फसल्यावर आली. ज्यांचा प्रयत्न साधला त्यांची, आणि ज्या त्या प्रयत्नात स्वतःच मेल्या त्यांची नोंद कोणत्याही वहीत नाही. गर्भपाताचा प्रश्न हा अलीकडच्या काळाचा, परदेशातून आलेला प्रश्न आहे असे जे कधीकधी म्हटले जाते, त्याला या एका हिशेबाने उत्तर मिळते. हा प्रश्न आपल्याच वाड्यांत, आपल्याच माजघरांत होता. त्याविषयी बोलण्याची सोय तेवढी नव्हती.

हे गृह निघाले कसे, तेही फुल्यांनीच सांगून ठेवले आहे. त्यांचे स्नेही गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला फशी पाडले. दिवस राहिल्यावर तिने गर्भ पाडण्याचे उपाय केले. ते लागू पडले नाहीत. मुलगा झाला, आणि अब्रूच्या भयाने तिने त्याला मारून विहिरीत टाकले. पुण्याच्या सेशन कोर्टात खटला होऊन तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या खटल्यानंतर लगेच आपणांस हे गृह काढणे भाग पडले, असे फुले म्हणतात. गृहाच्या स्थापनेचे साल १८६३ सांगितले जाते. १८७४ साली जोतीराव व सावित्रीबाईंनी एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला. पंढरपुरासही १८७५ साली लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने असाच एक आश्रम निघाला. तीर्थाच्या गावी टाकून दिलेल्या मुलांसाठी आश्रम लागावा, यातच त्या काळच्या समाजाचे चित्र आले.

काशीबाईच्या हकीकतीत स्त्रीला निर्णय करण्याची संधी कोठे कोठे होती, हे पाहू गेले तर उत्तर मोठे चमत्कारिक येते. लग्न तिला विचारून झाले नसणार. त्या काळी मुलीला कोण विचारीत होते? पुनर्विवाहाला १८५६ च्या कायद्याने मुभा दिली होती, पण ती कागदावरची. जातीने त्या वाटेवर बहिष्काराचा पहारा बसविलेला. गर्भ ठेवावा तर अब्रू जाते, पाडावा तर जीव जातो. आयुष्यात अगदी आपला असा एकच निर्णय तिने केला, आणि तो गुन्हा ठरला. त्या शास्त्र्याला कोणती शिक्षा झाल्याचे मात्र या हकीकतीत नाही.

याच सुमारास सरकारी कायदाही आपल्याकडे नव्याने रुजत होता. १८६० चा भारतीय दंडविधान १ जानेवारी १८६२ पासून अमलात आला. त्याच्या ३१२ व्या कलमाने गर्भपात घडवून आणणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत, आणि गर्भाची हालचाल सुरू झाल्यावर तो घडविल्यास ७ वर्षांपर्यंत कैद ठेवली. स्त्रीचा जीव वाचविण्यासाठी शुद्ध हेतूने केलेला गर्भपात एवढाच अपवाद. कलमाखाली एक स्पष्टीकरण जोडलेले होते. स्वतःचा गर्भ स्वतः पाडणारी स्त्रीही या कलमात येते, असे ते सांगते. म्हणजे आपल्या देहाविषयी स्त्री परकी नव्हे, तर आरोपी झाली. पूर्वी तिला जातीचे भय होते. आता तुरुंगाचेही आले.

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर आपले मूल मारल्याचा खटला झाला आणि तिला फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. अपिलात ती शिक्षा पुढे सौम्य झाली. परंतु त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त विधवांच्या, किंबहुना समस्त स्त्रीजातीच्या चारित्र्यावर जी टीका सुरू झाली, तिने बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे संतापल्या. १८८२ साली पुण्यात छापलेले त्यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे छोटे पुस्तक त्या संतापातून निर्माण झाले. जे दोष तुम्ही बायकांच्या पदरी बांधता ते पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा रोख होता. पुस्तकावर त्या वेळी टीकाच अधिक झाली. फुल्यांनी मात्र ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. या पुस्तकाला पुन्हा उजेडात आणण्याचे श्रेय स. गं. मालशे यांचे, तोवर १९७५ साल उजाडले होते.

येथपर्यंतचा प्रश्न विधवेचा होता. सधवेच्या देहाविषयी बोलायला आणखी चाळीस वर्षे जावी लागली. नवऱ्याच्या घरी नांदणाऱ्या बाईला आठवे, नववे बाळंतपण नको असेल तर तिने काय करावे, हा प्रश्न महाराष्ट्रात उघडपणे मांडला तो रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. मेरी स्टोप्सबाईंचे लंडनचे केंद्रही त्याच वर्षीचे. या कामापायी रघुनाथरावांची प्राध्यापकी गेली. जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत चालविले. अश्लीलतेचे खटले अंगावर आले, दंड भरावे लागले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी आंबेडकरांच्या पक्षाच्या वतीने पां. जि. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. गर्भ राहूच न देण्याचे साधन स्त्रीच्या हाती असावे, एवढी साधी गोष्टही त्या काळी सभ्य समाजाला सोसवली नाही. ते साधन हाती नसल्यावर मागे सुईण, काडी आणि झाडपाल्याचा काढा उरतो, हे मात्र घरोघरच्या वडीलधाऱ्या बायकांना पुरते ठाऊक होते.

स्वातंत्र्यानंतर या गुप्त मरणांकडे सरकारला पाहावे लागले. १९६४ साली केंद्र सरकारने एक समिती नेमली. महाराष्ट्राचे त्या वेळचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा हे तिचे अध्यक्ष होते. समितीने १९६६ च्या अखेरीस अहवाल दिला, आणि त्यावरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. १२ आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, २० आठवड्यांपर्यंत दोघांच्या मताने गर्भपात करण्यास मुभा मिळाली. एक गोष्ट या कायद्याने फार मोलाची केली. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी ठरविली. नवऱ्याची सही मागितली नाही. किती दवाखान्यांत ती सही कायद्याविरुद्ध अजूनही मागितली जाते, हा भाग निराळा.

तथापि या कायद्याचे मूळ हेतुनिवेदन वाचले तर त्यात तीन कारणे आढळतात. स्त्रीचे आरोग्य हे पहिले. बलात्कारासारख्या प्रसंगी माणुसकी हे दुसरे. सदोष अपत्य जन्माला येऊ नये हे तिसरे. स्त्रीची इच्छा हे चौथे कारण तेथे नाही. संततिनियमनाचे साधन फसले तर गर्भपाताला मुभा होती. पण ती ‘विवाहित स्त्री अथवा तिचा पती’ यांनी वापरलेल्या साधनापुरतीच होती. लोकसंख्येच्या चिंतेचा हातही या कायद्याच्या जन्मास लागला होता, हे विसरून चालणार नाही. जे सरकार देशाला मुले कमी हवीत म्हणून परवानगी देते, ते उद्या मुले अधिक हवीत म्हणून ती काढूनही घेऊ शकते. परवानगी आणि अधिकार यांत हाच भेद आहे.

येथे कोणी विचारील, आणि विचारणे रास्तही आहे, की या परवानगीचाच गैरफायदा घेऊन मुलींचे गर्भ पाडले गेले ना? गेले. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ साली ८९४ वर आली. परंतु हा दोष स्त्रीच्या स्वातंत्र्याच्या माथी मारणे आम्हांस मान्य नाही. मुलगाच हवा म्हणून सोनोग्राफीच्या खोलीत जिला नेले जाते, ती आपल्या इच्छेने जाते असे किती घरांत म्हणता येईल? कायद्यानेही हे ओळखले आहे. गर्भलिंगपरीक्षेला बंदी करणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. १९९४ साली तो केंद्राने केला. गर्भवतीने अशी परीक्षा नवऱ्याच्या किंवा नातलगांच्या दडपणाने करून घेतली असे, उलट सिद्ध होईपर्यंत, या केंद्राच्या कायद्यात मानले आहे. काशीबाईवर ‘गर्भ दिसू देऊ नको’ अशी सक्ती होती, आजच्या सुनेवर ‘मुलगी होऊ देऊ नको’ अशी असते. दोन्ही ठिकाणी देह तिचा आणि हुकूम दुसऱ्याचा. यावर उपाय तिचा शब्द कमी करणे हा नव्हे.

अधिकाराची भाषा आपल्या न्यायालयांत उशिरा आली. मूल होऊ द्यावे की नाही हे ठरविणे घटनेच्या २१ व्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली म्हटले. तो खटला पाहण्यासारखा आहे. त्यातील स्त्रीला मूल हवे होते आणि सरकारी यंत्रणा तिचा गर्भ पाडायला निघाली होती. अधिकार दोन्ही बाजूंचा असतो, हे त्याने दाखवून दिले. २०२१ च्या दुरुस्तीने एका डॉक्टरच्या मताने २० आठवड्यांपर्यंत आणि काही प्रकारच्या स्त्रियांसाठी दोघांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत मर्यादा वाढली. ‘पती’ या शब्दाच्या जागी ‘जोडीदार’ हा शब्द आला. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही २४ आठवड्यांची ती सवलत दिली, आणि या कायद्यापुरता नवऱ्याने केलेला बलात्कारही बलात्कारच धरला. ताराबाईंना हे ऐकून समाधान वाटले असते.

तरीही वाट संपली असे आम्ही म्हणणार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुलांची आई असलेल्या एका विवाहितेला २६ आठवड्यांनंतर गर्भपाताची परवानगी त्याच न्यायालयाने नाकारली. वाढलेल्या गर्भाचा विचार करावा लागतो, हे आम्हांसही कळते. त्या टप्प्यावर प्रश्न सोपा राहात नाही. पण पहिल्या आठवड्यांतसुद्धा आपल्या कायद्यात स्त्रीची इच्छा पुरेशी नाही, डॉक्टरचे मत लागते. आणि मूळ कलमाचे काय झाले? १ जुलै २०२४ पासून दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली. ३१२ व्या कलमाचा क्रमांक ८८ झाला. तीच ३ वर्षे, तीच ७ वर्षे, आणि स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्री या कलमात येते हे सांगणारे तेच स्पष्टीकरण.

फुल्यांच्या गृहात येणाऱ्या विधवेला तिचे नाव, गाव, त्या पुरुषाचे नाव सांगण्याची सक्ती नव्हती, असे सांगतात. तिने येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवावे, निवड तिची. त्या काळच्या पुण्यात एवढ्या एका आवारात बाईचा शब्द अखेरचा होता. ते आवार सबंध देशाएवढे करणे, हे काम अजून व्हावयाचे आहे. काशीबाई काळ्या पाण्यावर गेली, पण तिच्यावर चाललेले कलम अद्याप येथेच आहे की काय, हे कायद्याच्या अभ्यासकांनी नव्हे, तर आपण प्रत्येकाने आपल्या घरातल्या लेकीसुनांकडे पाहून स्वतःस विचारावे.