चाके काढलेल्या पेट्या

घराला आग लागली तर काय घेऊन बाहेर धावायचे, हा प्रश्न आपल्याला क्वचितच पडतो. जुन्या एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, तो कायमचाच होता. घरे लाकडाची, सरकती दारे कागदाची, वस्ती दाट. म्हणून कपडेलत्ते ठेवण्याच्या मोठ्या झाकणाच्या पेट्यांना कित्येक घरी खाली चाके बसवलेली असत. आग दिसली की पेटी ढकलत निघायचे. युक्ती सोयीची होती.

मार्च १६५७ मध्ये एदोत मोठी आग लागली. ती सुमारे तीन दिवस धुमसत होती. निम्म्याहून अधिक शहर जळाले आणि मृतांचा आकडा एक लाखाच्या घरात सांगितला जातो. लोक आपापल्या पेट्या ढकलत निघाले खरे, पण अरुंद रस्त्यांत त्या एकमेकींत अडकल्या आणि मागच्यांची वाट बंद झाली. वस्तू वाचवण्याची सोय माणसांच्या जिवावर उठली! पुढे १६८३ साली सरकारने चाकांच्या पेट्यांवर बंदी घातली.

सतराव्या शतकाच्या याच उत्तरार्धात खणांचे लाकडी कपाट पुढे आले. त्याला म्हणतात तान्सू. पेटीत तळाचे वस्त्र हवे तर सगळे उपसावे लागते. इथे हवा तो खण ओढला की झाले. चाके गेली, पण आगीची भीती थोडीच गेली? सुतारांनी तान्सूच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या बसवल्या. त्या वर करायच्या, त्यांतून दांडा ओवायचा आणि दोघांनी खांद्यावर घेऊन निघायचे. कपड्यांचे तान्सू बऱ्याचदा एकावर एक ठेवलेल्या दोन भागांत केलेले असे, तेही उचलायला सोपे जावे म्हणूनच.

या कामी किरी नावाच्या झाडाचे लाकूड फार उपयोगी. ते वजनाला हलके, सहसा वाकत नाही आणि चटकन पेटही घेत नाही. फळ्या कापल्या की त्या दीर्घकाळ ऊन-पावसात ठेवतात, म्हणजे लाकूड पुढे काळे पडत नाही. खण इतके नेमके बसवतात की एक लोटला तर आतल्या हवेने दुसरा आपोआप पुढे सरकतो. पावसाळी हवेत लाकूड किंचित फुगते, फटी बुजतात आणि आतला रेशमी किमोनो कोरडा राहतो. मुलगी जन्मली की अंगणात किरीचे रोप लावायचे आणि तिच्या लग्नात त्याच लाकडाचा तान्सू द्यायचा, अशी रीत होती. झाड वाढतेही झपाट्याने.

समुद्रावरच्या व्यापाऱ्यांचे तान्सू वेगळे. ओसाकाहून पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे जाणाऱ्या गलबतांवर कप्तानाजवळ एक भक्कम पेटी असे. बाहेरून केयाकीचे कठीण लाकूड आणि लोखंडी पट्ट्या, आत किरी, शिवाय चोरकप्पे. पैसे, कागदपत्रे, शिक्के सारे तिच्यात. सादो बेटावरचे ओगी, साकाता आणि मिकुनी ही बंदरे या कामासाठी प्रसिद्ध होती. लोककलांचे अभ्यासक यानागी सोएत्सु यांनी या पेट्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. ते १९६१ साली निघाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरांत भिंतीतली कपाटे आली आणि तान्सूची मागणी घटली. तरी कामो, कासुकाबे, सेंदाई या गावांत कारागीर आजही तो घडवतात. आजीचा काळवंडलेला तान्सू नातीसाठी रंधा मारून पुन्हा नवाही करून देतात.

मला मात्र या साऱ्या कारागिरीत त्या दोन लोखंडी कड्यांचे मोल सर्वांत जास्त वाटते. चाकांवर माणूस कितीही लादतो. खांद्यावर मात्र दोघांना पेलेल तेवढेच येते, आणि जीव वाचवायची वेळ आली की तेही खाली टाकून पळता येते.