फिजिरी
फिजिरी : बहरीनमधील मोतीशोधक पाणबुड्यांचा पुरुषप्रधान गायन-नृत्य-वादनप्रकार. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुहर्रक येथे त्याचा उगम झाला. गलबते उन्हाळ्यात महिनोन्‌महिने समुद्रातील मोतीशिंपल्यांच्या थरांवर असत (→ मोती). तेथील कष्ट आणि घरच्यांचा विरह किनाऱ्यावरच्या श्रोत्यांपुढे उभा करणे, हा या प्रकाराचा गाभा. त्यामुळे दूरच्या समुद्राचे जिणे गावातच प्रत्यक्ष होते.

कलावंत वर्तुळात बसतात. मध्यभागी मुख्य गायक (नहाम) आणि नर्तक असतात. ढोल, बोटांच्या झांजा आणि जहला हा मातीचा घडा ही वाद्ये. घड्याचा नाद विशेष लक्षणीय, कारण एरवी घडा ही घरगुती वापराची वस्तू. सादरीकरण ‘दूर’ नावाच्या सभागृहांत होई.

१९३० च्या सुमारास जपानी संवर्धित मोती व जागतिक मंदीमुळे मोतीव्यवसाय ओसरला; बहरीनच्या मोत्यांची मुंबई ही मोठी बाजारपेठ होती (→ मुंबई). १९३२ मध्ये बहरीनमध्ये तेल सापडले आणि समुद्रावरचे मनुष्यबळ तिकडे वळले. फिजिरी मात्र सांस्कृतिक मंडळांनी टिकवली. मोतीव्यवसायाशी निगडित मुहर्रकमधील वास्तू २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत, तर फिजिरी २०२१ मध्ये अमूर्त वारशाच्या प्रातिनिधिक यादीत समाविष्ट झाली (→ बहरीन).